नऊ दिवस न फोडलेली स्ट्रिप

ऑगस्टमध्ये डॉक्टर मॅडमनी मला डिप्रेशनची नवीन गोळी लिहून दिली आणि ती मी नऊ दिवस घेतलीच नाही. मेडिकलमधून आणली, कागदी पिशवीसकट स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये लाटण्याशेजारी ठेवली, रोज रात्री जेवणं झाली की ड्रॉवर उघडायचा, स्ट्रिप हातात घ्यायची, परत ठेवायची. नवरा विचारायचा, घेतलीस का, मी हो म्हणायचे. बाहेर पाऊस थांबायला तयार नाही, पंचगंगा पात्राबाहेर, राजाराम बंधारा पाण्याखाली, आणि मी घरात अशी खोटं बोलत बसलेली. गरज नव्हती असं अजिबात नाही. आधीच्या तीन महिन्यांत साडेचार किलो उतरले होते कारण घासच गिळवत नव्हता, पहाटे साडेतीनला जाग यायची ती यायचीच, पतसंस्थेत काउंटरवर नोटा मोजता मोजता डोळे भरून यायचे आणि बंडल परत पहिल्यापासून मोजायला लागायचं. औषध पाहिजे हे मला पटलेलं होतं. तरी घेत नव्हते, आणि कारण एकच, वजन.

हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही कारण सांगायची लाज वाटायची. माणूस म्हणेल जिवावर बेतलंय आणि हिला जाड व्हायची पडलीय. पण गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या एका मुलीनं मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, ताई, त्या गोळ्यांनी वजन वाढतंय का हो, आणि तिच्या पर्समध्येसुद्धा आठवडाभर न फोडलेली स्ट्रिप होती. त्या दिवशी ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं.

माझी भीती हवेतली नव्हती. २०१९ ला पहिल्यांदा हा आजार आला तेव्हा मला मिर्टाझापिन दिलं होतं, तेव्हा डॉक्टर वेगळे होते. झोप नव्हती, भूक नव्हती, आणि त्या गोळीनं दोन्ही परत आणलं हे खरं, पहिल्याच आठवड्यात मी मेल्यासारखी झोपले. पण भूक जी परत आली ती थांबेचना. रात्री अकराला उठून गूळ-शेंगदाणे, भडंगाचा डबा पुढ्यात घेऊन बसायचं आणि तळ दिसला की भानावर यायचं, पोट भरलंय हे पोटाला कळायचंच नाही. सहा महिन्यांत ५९ ची ६८ झाले. मावसबहिणीच्या लग्नात पैठणीवरचा ब्लाउज घालायला घेतला तर पाठीमागचे हुक चार बोटं लांब राहिले, आईनं सेफ्टी पिना लावल्या, वरून पदर घेतला आणि अख्खं लग्न मी भिंतीला पाठ लावून काढलं. वाढायला उठले नाही, फोटोला गेले नाही. त्यानंतर दोन आठवड्यांत मी गोळी बंद केली, कुणाला न विचारता, एकदम. आधी चार दिवस नुसती मळमळ, गरगर, झोप उडाली, आणि मग अडीच महिन्यांत आजार पुन्हा तिथंच, उलट जास्तच. वजन मात्र सावकाश उतरलं, ६३ वर येऊन थांबलं ते पुढं अनेक वर्षं तिथंच होतं.

मला तेव्हा हेच कुणी सांगितलं नव्हतं की ही भूक त्या विशिष्ट औषधाचीच आहे. मिर्टाझापिन मेंदूत हिस्टामिन नावाचं रसायन जिथं चिकटून काम करतं ती जागा (रिसेप्टर) अडवतं, म्हणून झोप येते आणि म्हणूनच भूक लागते. लहान पोरं जेवत नाहीत म्हणून भूक लागायचं सिरप आणतात ना आपल्याकडं, त्यातल्या सायप्रोहेप्टाडिनचं कामही असंच चालतं, ते मुळात ॲलर्जीचं औषध. म्हणजे मी सहा महिने भूक लागायचंच औषध पोटात घेत होते आणि रोज रात्री स्वतःला हावरट म्हणून शिव्या घालत होते! हे कळल्यावर मला अक्षरशः रडू आलं. त्या औषधाला मी वाईट म्हणत नाही हां, ज्यांचं खाणंपिणं सुटून वजन फार खाली गेलंय त्यांना तेच बघून देतात, आणि माझ्यापण झोपेला त्यानंच तारलं होतं. फक्त काय होऊ शकतं ते आधी सांगायला पाहिजे होतं.

दहाव्या दिवशी मी स्ट्रिप तशीच घेऊन दवाखान्यात गेले आणि टेबलावर ठेवली. म्हटलं, मॅडम, मी एकपण घेतली नाही. मला वाटलं रागावतील. त्यांनी स्ट्रिप उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, कशाची भीती वाटतेय? आणि मी लग्नाचं, ब्लाउजचं, पिनांचं सगळं सांगितलं, मध्येच रडले, बाहेर पेशंट ताटकळलेत याचंही भान राहिलं नाही. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर आपले नऊ दिवस वाचले असते, वजनाची काळजी हीपण आजाराच्या हिस्टरीतच लिहायची गोष्ट आहे. आणि खरंच फाईलवर लिहिलं. मला ते लिहिलेलं बघूनच अर्धं हलकं वाटलं.

मग त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. डिप्रेशनच्या सगळ्या गोळ्या एका माळेचे मणी नाहीत. मिर्टाझापिन, ॲमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं, नव्यातलं पॅरॉक्सेटिन, यांच्यावर वजन वाढायची शक्यता जास्त. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांच्यावर कमी, सुरुवातीला तर मळमळीमुळं थोडं उतरतंपण. ब्युप्रोपिऑनवर सगळ्यात कमी. २०२४ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला, एक लाख ८३ हजारांहून जास्त लोकांचा, त्यात आठ औषधांची तुलना होती. सहा महिन्यांत सर्ट्रालिनवाल्यांपेक्षा एस्सिटालोप्रामवाल्यांचं वजन सरासरी ०.४१ किलो जास्त निघालं आणि ब्युप्रोपिऑनवाल्यांचं ०.२२ किलो कमी. मी म्हटलं, फक्त एवढंच? अर्धा किलोसुद्धा नाही? तर त्या म्हणाल्या सरासरीवर जाऊ नकोस, सरासरीत कुणाचं काहीच वाढत नाही आणि कुणाचं सहा किलो वाढतं, एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन, ड्युलॉक्सेटिन या तिघांवर निदान पाच टक्के वजन वाढायची शक्यता सर्ट्रालिनपेक्षा १० ते १५ टक्क्यांनी जास्त होती, तू कुठल्या बाजूला पडशील ते काट्यावरच कळणार. आणि त्याच अभ्यासातली एक गोष्ट माझ्या डोक्यात कायमची बसली, सहा महिन्यांनंतर औषध नीट घेत राहिलेले लोक औषधाप्रमाणं २८ ते ४१ टक्केच होते. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक माझ्या २०१९ सारखेच, मधेच सोडणारे.

मी लगेच म्हटलं, मग मला ते ब्युप्रोपिऑनच द्या. तर ते माझ्यासाठी नव्हतं. मला लहानपणी दोनदा फिट आलेली, आणि फिटची हिस्टरी असेल किंवा खाऊन ओकून काढायचा, उपाशी मरायचा आजार होऊन गेला असेल तर ते देत नाहीत. शिवाय माझ्यात घाबरेपणा फार होता, तो त्यानं वाढू शकला असता. हे मुद्दाम लिहितेय कारण मैत्रिणीच्या गोळीचं नाव विचारून तीच मागायला जाणाऱ्या बायका मी बघितल्यात, मीपण त्यातलीच. तर जी लिहून दिली होती तीच सर्ट्रालिन ठरली, आठवडाभर २५ मिलीग्रॅम आणि मग ५०, सकाळी नाश्त्यानंतर.

पण त्या दिवशी गोळीबरोबर अजून एक गोष्ट ठरली आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम तिनंच केलं. तिथल्या तिथं वजन केलं, ५८.५. टेपनं कंबर मोजली, ८१ सेंटिमीटर. (आपल्याकडच्या बायकांना ८० च्या आत पाहिजे आणि पुरुषांना ९० च्या, हे मला तोवर माहीत नव्हतं.) थायरॉईड, साखर, कोलेस्टेरॉल तपासायला सांगितलं, कारण थायरॉईड कमी पडत असेल तर वजन वाढणं आणि मन खचणं दोन्ही त्यानंच होतं आणि आपण उगाच गोळीला बोल लावत बसतो. माझं नॉर्मल आलं. मग त्यांनी हिशोब करून एक आकडा फाईलवर लिहिला, ६१.४. सध्याच्या वजनापेक्षा पाच टक्के जास्त. म्हणाल्या, हा आकडा ओलांडलास की गोळी बंद नाही करायची, माझ्याकडं यायचं. आणि त्याच्या आत असशील तर काळजी करायचं काम माझं, तुझं नाही.

मी बारा वर्षं पतसंस्थेत आहे, मला रकाना आखला की जीव शांत होतो. एक दोनशे पानी वही घातली. दर रविवारी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकदाच. काटा नवऱ्यानं माळ्यावर टाकला, रविवारी तोच काढून द्यायचा आणि तोच परत ठेवायचा, कारण काटा खाली असला की मी दिवसातून चारदा चढते हे त्याला माहिताय. वजनाशेजारी अजून तीन रकाने, झोप किती तास, भूक कशी, आणि चौथा मी स्वतःच्या मनानं टाकला, आज काय आवडलं. पहिले तीन आठवडे त्या चौथ्या रकान्यात नुसत्या रेघा आहेत.

पहिला आठवडा वाईट गेला. मळमळ, दोनदा जुलाब, जबडा आवळल्यासारखा, आणि घाबरेपणा उलट वाढलेला, छाती धडधडायची. याची कल्पना दिली होती की सुरुवातीला दोन आठवडे असं होऊ शकतं आणि फारच वाढलं तर फोन करायचा. दवाखाना बंद असेल अशा रात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्रिजवर चिकटवला होता, एका रात्री लावलापण, मराठीत बोलले, नीट ऐकून घेतलं. खाणं म्हणजे ताकभात, मऊ भाकरी दुधात कुस्करून, केळं. वजन ५७.८. आणि खरं सांगते, इतकं वाईट वाटत असतानासुद्धा तो आकडा बघून मला आनंद झाला. तो आनंद बघून मीच दचकले. हे मॅडमना पुढच्या वेळी सांगितलं, तर त्यांनी विचारलं की मुद्दाम जेवण टाळतेस का, ओकून काढतेस का. नाही म्हटलं. म्हणाल्या, पहिले दोन महिने डाएट हा शब्द घरात नको, तीन वेळा जेवायचं, गोळी रिकाम्या पोटी नाही. एका ओळखीच्या बाईनं वजन कमी करायची पावडर गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता तीपण त्यांना दाखवली, डब्यावर धड काय काय आहे तेच लिहिलं नव्हतं, ती बाजूला ठेवायला लावली.

चौथा आठवडा संपता संपता फरक पडायला लागला आणि तो कसा कळला ते सांगायलाच पाहिजे. रविवार होता, शेजारच्या काकूंच्याकडं तांबडा रस्सा उकळत होता, आणि मला वास आला. म्हणजे वास रोजच येत असणार, पण मला तो चांगला लागला. कांदा-लसूण चटणी तेलावर पडल्याचा तो खाट, डोळ्यात पाणी आणणारा, आणि मी गॅलरीत उभी राहून तो घेत राहिले. काकूंनी बघितलं असणार, वाटी आली, रश्श्याबरोबर दोन फोडी. मी दोन भाकरी खाल्ल्या. वहीत चौथ्या रकान्यात त्या दिवशी लिहिलंय, रस्सा.

आणि पुढच्या रविवारी काटा ५९.९. पोटात गोळा आला. रात्री झोप नाही, डोक्यात सगळं २०१९ फिरायला लागलं, लग्नाचा हॉल, सेफ्टी पिना, आता हे थांबणार नाही, आज १.४ वाढलं म्हणजे पुढच्या महिन्यात किती. सकाळी गोळी हातात घेऊन उभी राहिले. नवरा काही बोलला नाही, फक्त वही उघडून ६१.४ वर बोट ठेवलं. घेतली.

पुढं नवरात्र आलं. मी नऊ दिवस उपवास धरते, लहानपणापासून, अंबाबाईचं दर्शन झाल्याशिवाय पाणी नाही असं आईचं. यावेळी गोळी नाश्त्यानंतर घ्यायची म्हणून आधी विचारून घेतलं, आणि घरात आईशी एकदा नीट बोलले. वाटलं होतं रुसेल. ती म्हणाली, अगं देवीला काय उपाशी लेकरू बघून बरं वाटतंय व्हय. सकाळी दूध-राजगिरा लाडू, मग गोळी. एक मात्र सगळ्यांना सांगावंसं वाटतं, साबुदाणा खिचडी, बटाट्याचे काप, रताळं तुपात असा उपवास नऊ दिवस केला तर वजन वाढतंच आणि ते गोळीच्या खात्यावर टाकू नये. तसंच मिसळ, पापड, लोणचं, तांबडा-पांढरा असं खारट चापून खाल्लं की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर पुढं दिसतो, ते मिठानं धरलेलं पाणी असतं, दोन दिवसांत उतरतं. रविवारी वजन करायचं तर शनिवारी मिसळ नको, हा माझा शोध.

दहाव्या आठवड्यात ६१.७ झालं. आकडा ओलांडला. त्या सकाळी हात थरथरत होते पण मी गोळी घेतली आणि अपॉइंटमेंटला फोन केला, या क्रमानं, आणि याचा मला अजून अभिमान वाटतो. मॅडमनी वही मागितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, चौथा रकानापण. मग विचारलं, आजारी पडायच्या आधी तुझं वजन किती होतं? ६३. मग हे वाढलंय का परत आलंय? मी गप्पच झाले. आजारानं खाल्लेलं वजन मी धरलंच नव्हतं, ५८.५ हे माझं खरं वजन आहे असंच मनानं धरून बसले होते. पण एवढं बोलून त्यांनी विषय संपवला नाही, ते मला आवडलं. साखर परत तपासली, कंबर मोजली, ८३. म्हणाल्या वजनाचं मला टेन्शन नाही, कंबरेचं थोडं बघूया, आणि ६३ च्या पुढं चढच राहिली तर डोस आहे, गोळी बदलणं आहे, बरेच रस्ते आहेत, तोवर चालायला लाग आणि ताटात डाळ-उसळ-अंडं वाढव.

चालायला जायची गोष्ट माझ्या एकटीच्यानं झाली नसती. कॉलेजपासूनची मैत्रीण आहे, तिला फोन केला तर म्हणाली, "मी येतो गं, सहाला खाली थांब, नाय आलास तर घरात येऊन उठवतो." (आमच्या कोल्हापुरात बायकापण येतो-जातोच म्हणतात, बाहेरच्यांना नवल वाटतं.) तेव्हापासून आठवड्यातले पाच दिवस रंकाळा, संध्यामठाच्या बाजूनं सुरू करून शालिनी पॅलेसकडून फिरून. पहिल्या दिवशी निम्म्यात बसले. ती गप्प बसली शेजारी, पाण्याकडं बघत, काही शिकवलं नाही. आता पूर्ण फेरी होते आणि येताना पोहे न खाता घरी येऊन मटकीची उसळ-भाकरी. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध मला फार आवडतं, ते सोडलं नाही, महिन्यातून एकदा जातो, अर्धा ग्लास घेते, नवरा पूर्ण.

लोकांच्या बोलण्याचं मात्र अवघड आहे. आमचं गाव पैलवानांचं, इथं तब्येत केली हे कौतुक आहे, माझे आजोबा तालमीत जायचे आणि खुराकाच्या गोष्टी सांगायचे, बदाम किती, थंडाई किती. पण तेच पुरुषाला म्हटलं की छाती फुगते आणि बाईला म्हटलं की तिचं जेवण तुटतं. दिवाळीत एका नातेवाईक बाईंनी भर घरात, तब्येत झाली की गं परत, असं म्हटलं आणि हातातली करंजी मी खाली ठेवली. आई आतून आली, तीच करंजी उचलून माझ्या हातात दिली आणि त्यांना म्हणाली, "ऑगस्टमध्ये बघायला पाहिजे होतं तुम्ही हिला. आता हसतीय ते बघा की." मला आयुष्यात आईचा एवढा आधार कधी वाटला नव्हता. तुमच्या घरात कुणी या गोळ्या सुरू केल्या असतील तर कृपा करून तिच्या ताटाकडं आणि पोटाकडं बघून काही बोलू नका, चांगलं म्हणूनसुद्धा नाही. झोप लागतीय का विचारा.

आता पाच महिने होत आलेत. गेले सहा रविवार ६२.४ च्या आसपास, कंबर ८१ वर परत आलीय. गोळी चालू आहे, बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने घ्यायची आणि मग सावकाश उतरवायची असं ठरलंय, आणि बंद करायची तर दोघींनी मिळून. ऑफिसातल्या त्या मुलीबरोबर मी तिच्या डॉक्टरांकडं गेले होते, बाहेर बाकावर बसले, ती आत गेली आणि वीस मिनिटांनी बाहेर आली तर हातात कागद होता, त्यावर तिचा आकडा लिहिलेला, ५५.६ चा ५८.४.

फेब्रुवारीत भाच्याचं लग्न आहे. परवा राजारामपुरीत ब्लाउज टाकायला गेले, तीच पैठणी, नवीन ब्लाउज. टेलरनं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि नेहमीसारखं विचारलं, ताई, आत माया किती ठेवू? दरवेळी मी कमीच ठेवा म्हणायचे, फुगीर दिसतं म्हणून. यावेळी म्हटलं, ठेवा दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच.